अंड्यांवर उभं केलेलं माणूस

“पण मी तर श्वाससुद्धा रोखून धरला होता, आबा. मग का उडाले?”

आबांनी उत्तर देण्याआधी पोटभर खोकून घेतलं. खाकरले. हातातली काठी दगडावर दोनदा आपटून तिच्या टोकाची माती झाडली.

दहा पावलांवर चंडोलांची जोडी दाणे टिपत होती. ती जागची हलली नाही.

हेच तर तनुजाला खटकत होतं. मघाशी याच जोडीसाठी ती दोनशे फूट गुडघ्यांवर रांगत आली होती. मातकट कपडे, मोबाइल बंद, केसांना घट्ट रुमाल. कोपरांत सराटे घुसले तरी तिनं हूं की चूं केलं नव्हतं. आणि वीस पावलं उरली तोच दोघं भुर्रकन उडाले. मग मागून हे आले. स्वतःच्या गुडघ्याला मोठ्यानं शिव्या देत, पायताण फरफटत आले, नेमके त्याच जागी बसले... आणि माहेरी आलेल्या लेकीनं ओसरीवर टेकावं तशी ती जोडी येऊन त्यांच्यासमोर उतरली.

“पुस्तकात सांगितलंय तसंच केलं मी सगळं,” तनुजा म्हणाली.

“दबकत आलीस न्हवं?”

“हो.”

“माळाव दबकत कोण येतंय?”

तनुजानं थोडा विचार केला. “पक्षी बघणारे,” ती म्हणाली.

आबांना हसू आलं. हसण्याचा पुन्हा खोकला झाला.

“लांडगं येतंय. मुंगूस येतंय. ज्याला खायाचं असतंय, ते गप येतंय.”

चंडोलानं मान वर करून आबांकडे पाहिलं, आणि पुन्हा दाण्यांत घातली.

तनुजाला राग आला. सहा वर्षं ती पक्षी बघत होती आणि या सहा वर्षांत तिला एकच गोष्ट मनापासून जमली होती, ती म्हणजे गप्प राहणं. मिरजेच्या त्यांच्या गटात नव्या मुलांना सांगत, की तनुजासारखं चाला. आता हा माणूस, ज्याला चंडोलाच्या तीन जाती तीन वेगळ्या नावांनी ओळखता येत नव्हत्या, तिला लांडग्यांत बसवत होता.

तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ कशाकडेच पाहिलं नाही.

हिवरखडीला ती आली होती त्याचं खरं कारण पक्षी नव्हतंच.

जानेवारीत तिला एका कॉलेजात भूगोल शिकवायला घेतलं होतं, तासिका तत्त्वावर. पहिल्या तासाला वर्गात सत्तर मुलं होती. तनुजानं फळ्यावर ‘वातावरणाचे थर’ असं सुरेख अक्षरात लिहिलं, वळली, तोंड उघडलं... आणि आत काहीच नव्हतं. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, मॅडम, आवाज येत नाही. चेष्टेनंही नाही, अगदी चांगुलपणानं म्हणाला. तनुजानं खडू टेबलावर ठेवला, वहीशेजारी नीट आडवा ठेवला, आणि ती वर्गाबाहेर गेली ती थेट बसस्टँडवर.

प्राचार्य भले होते. त्यांनी सांगून पाठवलं, की दहा जूनला या, पहिला तास माझ्यासमोर घ्या, मग बघू. त्या ‘बघू’नं तनुजाची झोप उडाली होती. तशीही ती लहानपणापासून दचकी. कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या हातातली वस्तू पडायची. आता तर कुणी नुसतं ‘मॅडम’ म्हटलं तरी ती दाराकडे बघायची. शेवटी आईच म्हणाली, जा कुठंतरी, तुझी पाखरं बघून ये.

म्हणून मे महिन्यात, माणदेशाच्या उन्हात, हिवरखडी.

गाव गुरांचं. चारी अंगांनी माळ, माळावर खिल्लार बैल आणि मेंढरं, दर बुधवारी जनावरांचा बाजार. चाळीसेक वर्षांपूर्वी एक शिल्पकार इथं बैल बघायला म्हणून आला आणि परत गेलाच नाही. जागा स्वस्त होती आणि उजेड असा लख्ख, की दगडाचीही सावली कात्रीनं कापल्यासारखी पडे. त्याच्यामागून चित्रकार आले, मातीची भांडी घडवणारे आले, कळसूत्री बाहुल्या करणारं एक जोडपं आलं. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आता चित्रं लागत होती. बाजाराच्या मैदानात त्या पहिल्या शिल्पकाराचा दोन पुरुष उंचीचा लोखंडी आकार उभा होता. तो कशाचा आहे ते गावात कुणी सांगू शकत नसे, पण बुधवारी एकेक बैल येऊन त्याच्यावर मान घासून जाई. पाहुण्यांना हे बघून वाईट वाटायचं. शिल्पकार सांगायचा, वाईट कसलं, पुण्याच्या प्रदर्शनात इतक्या जवळून कुणीच बघितलं नव्हतं.

तनुजा रेवतीताईंकडे उतरली होती. रेवतीताई नाशिकच्या, बारा वर्षांपासून इथं भांडी घडवत होत्या. त्यांच्या भट्टीवरच्या माडीत तनुजाची खोली. पहिल्या दोन दिवसांत तिनं गाव पायाखाली घातलं आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. प्रत्येक गल्लीत, प्रत्येक भिंतीवर एकच चेहरा होता. सोसायटीच्या भिंतीवर निळा, पिठाच्या गिरणीवर पिवळा, जिनिंगच्या शेडमध्ये तर तीन हात उंच. पांढरं पागोटं, पांढऱ्या मिशा, मिटलेले ओठ, डोळ्यांत दुनियेचं दुःख.

तिसऱ्या दिवशी ती चहाच्या टपरीवर बसली होती आणि तोच चेहरा शेजारी बसून बशीतून चहा ओढू लागला. तनुजा अशी दचकली की तिचा चहा तिच्याच मांडीवर सांडला.

ते मायाप्पा कोळेकर. आख्खं गाव त्यांना आबा म्हणे. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. गुडघ्यानं दगा दिला तेव्हापासून कळप मुलाच्या हवाली केला आणि चित्रकारांसमोर बसायचं काम धरलं. भिंतींवरचा तो दुःखी माणूस मी नव्हे, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. काढणाऱ्यानं आपलंच तोंड काढलंय आणि पागोटं तेवढं माझं घेतलंय. रेवतीताईंचं म्हणणं आणखी वेगळं होतं. आबा बसल्या बसल्या इतकं बोलतात, की त्यांचे मिटलेले ओठ आजवर एकाही चित्रकाराला बघायला मिळालेले नाहीत. ते सगळ्यांनी अंदाजानं काढलेत.

त्यांनीच आबांना सांगितलं, की पोरीला माळ दाखवा.

चंडोल उडाले त्याच्या दुसऱ्या सकाळी आबांनी फर्मान काढलं. आजपासून बोलत चालायचं.

“काय बोलू?”

“काय बी. पाखरांस्नी कुठं कळतंय?”

तनुजाला काही सुचेना. मनात आलं ते एकच, गेले चार महिने घशात अडकून बसलेलं. ती पायाखाली बघत पुटपुटत चालू लागली. वातावरणाचे मुख्य थर असे आहेत. तपांबर. स्थितांबर. मध्यांबर...

पन्नास पावलं गेल्यावर तिनं मान वर केली तर डाव्या हाताला भटतित्तरांचा थवा बसलेला. अकरा होते. तिच्यापासून पंधरा पावलांवर, निवांत.

इतक्या जवळून भटतित्तर तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. तिचं बोलणं आपोआप थांबलं.

थवा ताठ झाला.

“बोल की,” आबा मागून म्हणाले.

“दलांबर,” तनुजा घाईनं म्हणाली. थवा पुन्हा खाली वाकला.

मग रोज हेच झालं. आबा मध्येच अडवून विचारायचे, हे तुझं तपांबर कुठवर पोचतंय, घार त्याच्या वर जाते का, वर थंडी असते तर डोंगरावर देव कसा राहतो. तनुजा सांगायची. कधी चुकायची, मग पुन्हा सांगायची. एकदा तर कॉलेजातला तो पहिला तासही सांगून झाला. पाचव्या दिवशी परत येताना तिच्या लक्षात आलं, की ती सलग तासभर बोलत होती आणि घसा बसला नव्हता. तिला इतका आनंद झाला की रेवतीताईंच्या दारातच तिनं आबांना सांगून टाकलं, की आता दहा जूनची भीती नाही. तुमच्यामुळं माझा आवाज परत आला.

आबांनी तिच्याकडे पाहिलं.

“हितं मी एकलाच हाय,” ते म्हणाले. “आन मी बहिरा न्हाई.”

एवढंच बोलले आणि घराकडे चालू लागले. तनुजा भट्टीच्या ओट्यावर बसून राहिली. हाताला राख लागली तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

घरटं तिलाच सापडलं. घरटं कसलं, उघडी जमीन. दोन टेकाडांच्या मधल्या मुरमाड पट्ट्यात एक धाविक सुरसुर पळत गेला, थांबला, पुन्हा पळाला आणि अचानक खाली बसला. तांबूस अंग, डोळ्यावरून गेलेली काळी-पांढरी रेघ. आबा त्याला नुसतं ‘पळणारं’ म्हणत. बऱ्याच वेळानं तो उठला तेव्हा तनुजाला दुर्बिणीतून ती दिसली. दोन अंडी. खड्यांत खडे. नजर जरा हटली की पुन्हा शोधावी लागत.

तिनं पिशवीतून लाल फीत काढली. जवळच्या काटकीला बांधायची म्हणजे जागा चुकणार नाही. ती दोन पावलं पुढं गेली असेल नसेल...

“ए पोरी.”

आबा इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. तनुजाच्या हातून फीत गळून पडली.

आबा लंगडत आले, फीत उचलली आणि बंडीच्या खिशात घातली. खूण तुला दिसते, तशी खाणाऱ्यालाही दिसते, ते म्हणाले. कावळा आधी काटकीवर बसेल आणि मग खाली बघेल. माळावर अंड्यांना खूण करत नाहीत. माणूस उभं करतात.

मग त्यांनी सांगितलं ते असं. सात महिने परमुलखात चारून त्यांच्या मुलाचा, सिद्धाचा कळप चार दिवसांत परत येणार होता. पाचशे मेंढरं. त्यांची परतीची वाट पिढ्यान्पिढ्यांची, याच दोन टेकाडांमधून तळ्याकडे. घरी निघालेली मेंढरं पाण्याचा वास लागला की मान खाली घालून चालतात, पुढच्याच्या शेपटीवर तोंड ठेवून. पायाखाली काय आहे ते बघत नाहीत. म्हणून कळप यायच्या दिवशी घरातलं एक माणूस पुढं पाठवायचं. त्यानं माळ बघायचा, अंडी असतील तिथं जाऊन उभं राहायचं आणि हाका घालायच्या. हाक जिथून येते ती जागा सोडून कळप दोन बाजूंनी फोडायचा. आबांची बायको होती तोवर हे काम तिचं.

“औंदा तू,” आबा म्हणाले.

तनुजानं पटकन सांगितलं, की मी हात वर करून उभी राहीन. वाटलं तर ओढणी हलवीन.

“धुरळ्यात हात दिसतोय व्हय?”

मग तुम्हीच का उभे राहत नाही, तिनं विचारलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त चिडून विचारलं.

आबांना त्याचं काही वाटलं नाही. अंडी त्यांच्या डोळ्यांना दिसतच नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आणि दुसरं असं, की त्यांना पुढं जायचं होतं, तळ्याच्या उलट्या अंगाला, कळपाच्या वाटेवर. सात महिन्यांत त्यांनी पोराचं तोंड बघितलं नव्हतं. हे सांगताना ते भिंतीवरच्या त्या म्हाताऱ्यासारखे मुळीच दिसत नव्हते.

“सिद्धाला तुम्ही आधीच सांगा ना, जागा कुठली ते.”

“सांगीन की.” आबांनी दोन्ही हात पसरून माळ दाखवला. मग अंगठा आणि बोट जवळ आणून अंडं दाखवलं. “माळ एवढा. जागा एवढी.”

तनुजा त्या बोटांकडे बघत राहिली.

“आणि माझा आवाज नाही फुटला तर?”

आबांनी काठीच्या टोकानं दोन खडे बाजूला सारले. दूर कुठंतरी एक टिटवी ओरडत होती.

“तर तुडवली जात्याल,” ते म्हणाले. त्यात दोष नव्हता, धाकही नव्हता. जे व्हायचं ते सांगितलं.

पुढचे तीन दिवस तनुजानं सराव करून बघितला. भर दुपारी जिनिंगच्या शेडमध्ये चिटपाखरू नसे. ती आत जाऊन मधोमध उभी राहिली. समोरच्या भिंतीवर तीन हात उंच आबा. तिनं छातीत हवा भरली आणि हाक मारली. हाक आली ती परवानगी मागितल्यासारखी. वर पत्र्याखाली एक कबूतर झोपलं होतं, तेही जागं झालं नाही.

तिनं रेवतीताईंना विचारलं, की दुसरं कुणी उभं राहील का. रेवतीताई चाकावर बसल्या होत्या. मी राहते की, त्या म्हणाल्या, त्यात काय, मला फक्त जागा दाखव. तनुजाच्या डोळ्यांत पाणीच आलं, सुटले म्हणून. त्याच सकाळी दोघी माळावर गेल्या. तनुजानं लांबूनच बोटानं दाखवलं. तो मोठा दगड, त्याच्या उजवीकडं, थोडं अलीकडं. रेवतीताईंनी डोळे बारीक केले. दुर्बिणीतून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शेवटी त्या कबूल झाल्या, की मला नुसते खडे दिसतात गं. मीच पाय देईन त्यांच्यावर.

परत येताना वेशीपाशी रेवतीताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला ओली माती होती, ती सदऱ्यावर उमटली.

कळप आला त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. आबा उन्हं चढायच्या आतच निघून गेले. नवं पागोटं बांधलं होतं आणि नातवासाठी शेवेची पुडी घेतली होती. जाताना ते तनुजाला काहीच म्हणाले नाहीत. तिला वाटलं होतं, निदान धीराचा एखादा शब्द तरी बोलतील.

ती अंड्यांपासून वीस पावलांवर बसली. धाविक अंड्यांवर होता. ऊन इतकं होतं की तो नीट टेकलाही नव्हता. पाय अर्धे वाकवून, पंख थोडे सैल सोडून नुसती सावली धरून उभा होता. चोच उघडी. गळा लकलक हलत होता. तनुजा त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. थर केव्हाच संपले होते. बहुधा आईबद्दल काही बोलली, आणि त्या आडव्या ठेवलेल्या खडूबद्दल.

तिसऱ्या प्रहरी वारा सुटला.

आधी टेकाडाच्या माथ्यावरचं गवत आडवं झालं. मग मुरमाची बारीक धूळ उठली, पाठोपाठ मोठी. दातांखाली कचकच आली. बघता बघता समोरचं टेकाड दिसेनासं झालं, मग तो मोठा दगडही. आणि त्या धुरळ्याच्या आतून घंटा ऐकू आली.

एक घंटा. मग शेकडो गळे.

तनुजा उठली आणि अंड्यांच्या जवळ गेली. पाच पावलं, चार, तीन. धाविक उडाला नाही. फक्त अंग चोरून अंड्यांवर दबला. डोळ्यावरची रेघ तेवढी दिसत होती.

तिनं हात वर केले. तिच्याच हाताचे पंजे तिला धुरकट दिसले.

तिनं तोंड उघडलं. नुसता वारा आत गेला.

बें बें आता सगळीकडून येत होतं. डावीकडून की उजवीकडून ते कळेना. जमीन बारीक थरथरत होती, तळपायांना कळत होतं. तनुजानं पुन्हा जोर केला. आबा, असं म्हणाली. तिचं तिलाच ऐकू आलं नाही. सत्तर डोकी डोळ्यांपुढं आली आणि मागच्या बाकावरचा तो चांगला मुलगा. मॅडम, आवाज येत नाही. तिला वळावंसं वाटलं. मागं मोकळा माळ होता, माळापलीकडं गाव, गावात बसस्टँड.

खाली धाविकाचा गळा लकलक हलत होता.

आणि धुरळ्यातून काळं काहीतरी झेपावलं.

कळपाचं कुत्रं. ते तिच्या गुडघ्याला घासून गेलं. तनुजा किंचाळली.

घंटा थबकली.

एक क्षणभर सगळा माळ थबकल्यासारखा झाला. कुत्रं दूर उभं राहून तिच्याकडे टकामका बघत होतं. तनुजाला आधी वाटलं, कुणीतरी दुसरंच ओरडलं. तिनं आजूबाजूला पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. घसा मात्र चुरचुरत होता.

घंटा पुन्हा हलली. अगदी जवळ, समोर. मेंढ्यांच्या लोकरीचा ओलसर उग्र वास आला. धुरळ्यातून पहिलं डोकं दिसलं, खाली घातलेलं, मग दुसरं.

तनुजा अंड्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली. पाय फाकवले. जिथून ती किंकाळी आली होती ती जागा तिनं आत शोधली, आणि तिथूनच हाक काढली.

“आबाऽऽ”

वाऱ्यानं अर्धी नेली. पहिल्या मेंढराचे कान हलले, पण पाय थांबले नाहीत. दहा पावलं. आठ. तिनं दुसऱ्यांदा घातली. आवाज मध्येच फाटला, कावळ्यासारखा झाला, तरी तिनं सोडला नाही.

कुणाचीच ओ आली नाही.

सहा पावलं. आता मागची डोकी मोजता येत नव्हती. तनुजाला रडू फुटलं आणि रडतारडताच, धूळ गिळत, तिनं पोटाच्या तळापासून तिसरी हाक घातली.

“आबाऽऽ अंडी इथं आहेत. इथंऽऽ. मी उभी आहे तिथंऽऽ”

धुरळ्यात काठी दगडावर आपटली. कुणीतरी तोंडानं ट्रर्र ट्रर्र केलं. पुढचं मेंढरू अडखळलं, त्यानं मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा बघितल्यासारखं तिच्याकडे बघितलं.

आणि मग त्याच्या मागून, न दिसणाऱ्या माणसाचा, खोकल्यानं भरलेला आवाज आला.

“ओऽऽ... थांबिवली गं. आता गप होऊ नगंस.”